घरं आधी, रेल्वे कधी?

जमीन खुली केली की घरांचा प्रश्न सुटतो, हा तुमचा मुद्दा मला अर्धाच पटतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं माउंट बार्कर पाहा. ॲडलेडपासून फ्रीवेने जेमतेम पस्तीस किलोमीटर, टेकड्यांमधलं शेतीचं गाव. २०१० मध्ये स्थानिकांचा विरोध असतानाही राज्य सरकारने तिथली सुमारे १,३०० हेक्टर जमीन घरांसाठी खुली केली. वस्ती झपाट्याने वाढली, पण ॲडलेडला जायला लोकल नाही. १९९५ मध्ये ॲडलेडच्या मुख्य रेल्वेमार्गाचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदलला आणि गावाचा ब्रॉडगेज फाटा त्यापासून तुटला. आता त्यावर फक्त पर्यटकांच्या हेरिटेज गाड्या धावतात. रोज कामावर जाणाऱ्याला बस नाहीतर स्वतःची गाडी. नव्याने आलेल्या कुटुंबांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट पेट्रोलचा आणि वेळेचा भुर्दंड त्यांनाच पडतो. प्लॉट पाडण्याआधी रुळांचा विचार व्हायला हवा होता.