तीन वर्षांच्या घोडीला खोगिराची सवय कशी लावावी?

प्रश्न: महालक्ष्मीजवळच्या तबेल्यातील आमची तीन वर्षांची घोडी खोगीर दिसताच कान मागे पाडते आणि अंग चोरते. तिला न दुखावता सवय कशी लावावी?

पहिले उत्तर: प्रथम पशुवैद्यांकडून पाठ आणि दात तपासून घ्यावेत, कारण पुष्कळदा वेदनेलाच आपण हट्ट समजतो. कण्याची वाढ साधारण पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालते, म्हणून स्वाराचे वजन देण्याची घाई कृपया करू नये.

दुसरे उत्तर: नुसता नमदा, म्हणजे खोगिराखाली घालायची जाड घडी, तिला हुंगू द्यावा, खांद्यावरून हळूच पाठीवर सरकवावा, आणि ती मान सैल सोडून स्थिर उभी राहिली की तत्क्षणी काढून घ्यावा, कारण दबाव नेमका केव्हा सुटतो, यातूनच घोडा शिकतो. पुढे तंगही (खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा) एकेक छिद्रानेच आवळावा. मुंबईच्या दमट हवेत सराव पहाटेच करावा.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. मोतद्दारांनाही (घोड्यांची निगा राखणाऱ्यांनाही) हे वाचून दाखवते.