शब्दचर्चा: आयडीएमएलमधली ‘स्टोरी’ म्हणजे बातमी का?

अमळनेरकर: समाजाच्या वधू-वर सूचीचं काम घेतलंय. पानावर ८ चौकटी, माहिती सगळी एक्सेलमध्ये. कॉपी-पेस्टचा कंटाळा आलाय, म्हणून इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून फाइल आयडीएमएल (त्याचाच एक्सएमएल म्हणजे टॅगांच्या भाषेतला प्रकार) करून घेतली, एक्स्टेन्शन बदलून झिपसारखी उघडली. आत ‘स्टोरीज’ आणि ‘स्प्रेड्स’ असे फोल्डर. स्टोरी म्हणजे काय, आणि माझ्या चौकटी कुठे गेल्या?

भुसावळकर: बातमी नाही भो, प्रेसमध्ये आपण ज्याला ‘मॅटर’ म्हणतो तेच. स्प्रेड म्हणजे समोरासमोरची पानं. चौकटी स्प्रेडच्या फाइलीत ‘टेक्स्टफ्रेम’ नावाने आहेत. प्रत्येकीवर ‘पॅरेंटस्टोरी’ हा गुणधर्म असतो, त्यात मॅटरचा आयडी. त्याच आयडीची फाइल स्टोरीजमध्ये शोधा. एक मॅटर तीन चौकटींतून वाहत असलं तरी स्टोरी एकच! म्हणून स्टोरीला ‘मजकूर’ हा शब्द मला ढिला वाटतो. चौकटीतला मजकूर म्हटलं की माणूस तेवढाच तुकडा धरतो. ‘कथा’ तर नकोच.

धुळेकर: मॅटरला माझंही मत. पण खरा घोळ ‘बीआर’ या टॅगचा, म्हणजे मॅटरमध्ये घातलेल्या खुणेचा आहे. वेबसाइटवाल्यांच्या डोक्यात बीआर म्हणजे नुसती ओळ तोडणे. इथे बीआर म्हणजे एंटर, परिच्छेद संपला. शिफ्ट-एंटरसाठी वेगळं युनिकोड अक्षर असतं. मुलीचं नाव ठळक आणि खाली शिक्षण साध्या अक्षरात, अशा दोन परिच्छेद-स्टाइल असतील तर मध्ये बीआर हवाच. तो राहिला तर नाव आणि बी.एस्सी. एकाच परिच्छेदात जाऊन बसतात.

अमळनेरकर: समजलं. माहिती जास्त झाली की चौकटीला लाल अधिकचं चिन्ह येतं, ते कोणत्या टॅगमध्ये?

धुळेकर: कुठेच नाही. आपोआप ओळ कुठे वळली हे आयडीएमएल लिहूनच ठेवत नाही; फाइल उघडताना इनडिझाइन जुळणी नव्याने करतं. ‘ओव्हरसेट’ला, म्हणजे चौकटीत न मावलेल्या मॅटरला, त्या फाइलीत शब्दच नाही म्हणा ना. मामांच्या नावांची यादी लांबली की पान डोळ्यांनीच बघायचं.

भुसावळकर: अमळनेरकर आप्पा, एक राहिलं. मागच्या वर्षीची सूची युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टात असेल तर ‘कन्टेन्ट’ टॅगमध्ये (खरी अक्षरं असतात तो) ‘पाटील’ शोधून सापडणार नाही. तिथे रोमन अक्षरांची खिचडी दिसेल, आधी युनिकोड करून घ्या. एक्सेलच्या शिक्षणाच्या रकान्यात लोक ‘बी.ई. & एम.बी.ए.’ लिहितात, तो नुसता & तसाच आत गेला तर एक्सएमएल मोडलं. आणि परत झिप करताना ‘माइमटाइप’ ही फाइलीचा प्रकार सांगणारी फाइल सगळ्यात आधी आणि न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवायची.