मार्माड्यूक पिक्थॉल : निजामाच्या चाकरीमुळे त्यांच्या निष्ठेला बाध येतो का?

चर्चाप्रस्ताव

इस्लाम स्वीकारणाऱ्या आरंभीच्या पाश्चात्त्यांपैकी इंग्रज कादंबरीकार मार्माड्यूक पिक्थॉल यांचे नाव आज मुख्यतः १९३० साली प्रसिद्ध झालेल्या कुराणाच्या इंग्रजी भाषांतरापुरते घेतले जाते, आणि मुंबई व हैदराबाद येथे त्यांनी घालवलेली पंधरा वर्षे दुर्लक्षित राहतात. १८७५ साली जन्मलेला हा पाद्र्याचा मुलगा विशीच्या आतच इजिप्त, पॅलेस्टाईन व सीरियात हिंडला. दमास्कसच्या मोठ्या मशिदीतील एका वृद्ध शेखांजवळ त्याने धर्मांतराची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा शेखांनी घाई न करता त्याला आईचा विचार करायला सांगितले. तू आमच्यात एकटा आहेस, आधी मायदेशी जाऊन ये. माझ्या मुलाशी एखादा ख्रिस्ती गुरू याहून वेगळे वागला तर मला कसे वाटेल, अशा आशयाचे ते बोलले.

जाहीर स्वीकार झाला तो नोव्हेंबर १९१७ मध्ये, लंडनमध्ये. तेव्हा ब्रिटन तुर्कस्तानशी लढत होते आणि ब्रिटिश फौजा जेरुसलेमच्या जवळ पोहोचल्या होत्या. अशा वेळी शत्रूचा मानला जाणारा धर्म पत्करण्यात लाभ कसलाच नव्हता. 'बॉम्बे क्रॉनिकल' या मुंबईच्या दैनिकाचे संपादक हॉर्निमन यांना सरकारने १९१९ साली हद्दपार केल्यानंतर ते संपादकपद १९२० मध्ये पिक्थॉल यांनी स्वीकारले आणि असहकार व खिलाफत (तुर्कस्तानातील खलिफाचे पद टिकावे यासाठीची) या दोन्ही चळवळींची बाजू लावून धरली. माझ्या मते हे आयुष्य आरंभापासून अखेरपर्यंत एकाच निष्ठेने चाललेले आहे.

प्रतिसाद : परभणी

मुंबईपर्यंतचे सारे मान्य आहे, पण १९२५ पासून हैदराबादच्या निजामाच्या चाकरीत घालवलेल्या दहा वर्षांचे काय? आमच्या मराठवाड्यात निजामी राजवट हा केवळ इतिहासाच्या पुस्तकातील धडा नाही. ज्या काळात पिक्थॉल चादरघाट हायस्कूलचे मुख्याध्यापक होते आणि 'इस्लामिक कल्चर' या त्रैमासिकाचे संपादन करीत होते, त्याच काळात 'गश्ती निशान ५३' या सरकारी परिपत्रकामुळे साधी सभा भरवायलाही सरकारी परवानगी लागत होती आणि मराठी मुलांना उर्दूतून शिकावे लागत होते. त्यातही निजाम कोण? १९१४ साली तुर्कस्तानच्या विरोधात ब्रिटिशांच्या पाठीशी उभे राहा, असे आवाहन हिंदी मुसलमानांना करणारा. ज्या तुर्कांसाठी पिक्थॉल यांनी इंग्लंडमधील आपला लौकिक पणाला लावला, त्यांच्या विरोधकाचा पगार त्यांनी घ्यावा, याला निष्ठा म्हणणे मला जमत नाही.

प्रतिसाद : पुणे

परभणीकरांची वेदना खरी आहे, परंतु १९२४ साली काय घडले ते लक्षात घ्यायला हवे. त्या मार्चमध्ये तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत रद्द केली आणि खलिफा अब्दुल मजीद यांना देशाबाहेर घालवले. त्या निर्वासित खलिफांना मासिक तनखा देणारा हाच निजाम होता, आणि १९३१ साली नीस येथे खलिफांच्या मुलीचा विवाह झाला तोही निजामाच्या थोरल्या मुलाशी. खिलाफतीसाठी चार वर्षे लेखणी झिजवलेल्या माणसाला हैदराबाद हा उरलेला शेवटचा आधार वाटला असेल, तर त्यात विसंगती नाही. शिवाय भाषांतरासाठी त्यांना पगारी रजा मिळाली, म्हणून ते काम पुरे झाले. इजिप्तमध्ये कुराणाच्या भाषांतराला विरोध करणारे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, होते, तरी पिक्थॉल कैरोला जाऊन तेथील विद्वानांशी एकेका शंकेची चर्चा करीत राहिले. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा काळ तर त्यांच्या मृत्यूनंतरचा. ते १९३६ सालीच निवर्तले.

प्रतिसाद : नाशिक

मला निजामापेक्षा १९१५ महत्त्वाचे वाटते. आर्मेनियन लोकांची तुर्कस्तानात कत्तल होत असताना पिक्थॉल इंग्लंडमधील नियतकालिकांत तुर्कांची कैफियत मांडत होते, आणि त्या अत्याचारांच्या बातम्यांचा भार हलका करण्याकडेच त्यांचा कल होता. स्वतःच्या साम्राज्याचे दोष ज्याला स्पष्ट दिसतात, त्याला दुसऱ्या साम्राज्याचे दोष का दिसू नयेत? निष्ठा आंधळी असेल तर ती सुसंगत आहे, एवढ्याने तिचे कौतुक करता येत नाही.

प्रस्तावकाचे उत्तर

नाशिकच्या आक्षेपाला मी बगल देणार नाही. तो या आयुष्यातील सर्वांत जड प्रश्न आहे आणि तुर्कांवरील प्रेमापोटी पिक्थॉल यांनी तिथे न्याय केला नाही, असेच मीही म्हणेन. मात्र परभणीकरांशी माझा मतभेद कायम आहे. संस्थानी नोकरी केलेल्या प्रत्येक शिक्षकावर आपण राजवटीच्या गश्तीपत्रकांचे ओझे टाकू लागलो, तर त्या काळातील अनेक मराठी शिक्षक आणि ग्रंथपालही त्यात सापडतील.

प्रतिसाद : परभणी

पोटासाठी नोकरी करणारा स्थानिक शिक्षक आणि इंग्रजांच्या राज्यात संपादक म्हणून सरकारला जाब विचारणारा माणूस यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. ज्याने मुंबईत लेखनस्वातंत्र्याचे मोल जाणले, त्याच्याकडून हैदराबादच्या रयतेसाठी एक जाहीर शब्द अपेक्षिणे अवाजवी नाही. भाषांतराचा आदर राखूनही माझा हा प्रश्न उभाच आहे, आणि पगारी रजेचा दाखला त्याचे उत्तर होत नाही.