रोज पहाटे ५०२ त्रुटी: ही घुसखोरी समजावी काय?

प्रश्न (मालवण)
आमच्या निवास-न्याहारी केंद्राचे बुकिंग मुंबईतील भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर, वर्डप्रेसमध्ये चालते. हल्ली रोज पहाटे ५०२ त्रुटी येते आणि पीएचपी (संकेतस्थळाची पाने तयार करणारा प्रोग्राम) पुन्हा सुरू केल्यावर काही तास सारे सुरळीत चालते. पावसात इकडे वीज जाते, परंतु सर्व्हर मुंबईत असल्याने तो संबंध नसावा. संकेतस्थळावर कोणी नसतानाही प्रोसेसर पूर्ण व्यापलेला असतो आणि चालू प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये ‘केवर्कर’ सर्वांत वर दिसतो. सर्व्हर रीबूट करावा काय?

उत्तर (रत्नागिरी)
५०२ चा अर्थ एवढाच की, वेब सर्व्हरला मागच्या पीएचपीकडून धड उत्तर मिळाले नाही. मेमरी संपल्यानेही असे होते. तेव्हा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत ‘आउट ऑफ मेमरी’ आहे का, ते आधी पाहावे.

उत्तर (अलिबाग)
मला ५०२ पेक्षा तो केवर्कर खटकतो. खरा केवर्कर हा कर्नलचा थ्रेड असल्याने रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) नावाने चालतो आणि चालू प्रक्रियांची माहिती देणाऱ्या ‘प्रॉक’मधील त्याची ‘एक्झी’ (मूळ प्रोग्रामची फाइल दाखवणारी) लिंक कोणत्याही फाइलकडे जात नाही. तुमचा केवर्कर वेब सर्व्हरच्या युजरखाली चालत असेल, तर तो नाव बदलून बसलेला मायनर (दुसऱ्याच्या सर्व्हरवर चोरून आभासी चलन कमावणारा प्रोग्राम) असण्याची दाट शक्यता आहे. मोनेरो या आभासी चलनाच्या मायनरला सुमारे २ जीबी मेमरी लागते, म्हणजे पीएचपी का कोसळते तेही उलगडते. रीबूट मुळीच करू नये. डिस्कवरून पुसलेली, पण चालू प्रक्रियेने धरून ठेवलेली फाइल त्याने कायमची जाईल. आधी त्या लिंकवरून तिची प्रत काढावी, सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्यावा आणि मगच नेटवर्क तोडावे.

प्रश्नकर्ता (मालवण)
युजर वेब सर्व्हरचाच निघाला आणि लिंकपुढे ‘डिलीटेड’ असे दिसते. त्याच युजरच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) पहाटे ४ वाजता बाहेरून स्क्रिप्ट आणणारी एक ओळ आहे, तर ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये खोल्यांच्या छायाचित्रांशेजारी एक पीएचपी फाइल आहे. एवढे पुसले की पुरे काय?

उत्तर (रत्नागिरी)
नाही. ती पीएचपी फाइल म्हणजे बहुधा चोरदरवाजा आहे, आणि असा दरवाजा एकच ठेवला जातो असे नाही. ॲक्सेस लॉगमध्ये (सर्व्हरवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत) तिच्यावर पहिली पोस्ट (माहिती पाठवणारी) विनंती कधी आली ते शोधावे. फाइलवरील तारखेवर विसंबू नये, ती सहज बदलता येते. घुसखोरी त्याहूनही आधीची असू शकते, म्हणून बरीच जुनी बॅकअप प्रत निवडून ती नव्या सर्व्हरवर उभी करावी, प्लगइन अद्ययावत करावेत आणि डेटाबेससकट सर्व पासवर्ड बदलावेत. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, तेव्हा ते काम आजच उरकावे.