तालुक्याच्या कोर्टाले जज किती पायजेत हे ठरवते कोण?

सोयाबीनवाला_वऱ्हाड:
आमचा वाटणीचा दावा २०१६ पासून चालू हाय, मधात माय वारली मंग मोठेबाबा वारले, दर खेपेले वारस रेकॉर्डवर घ्या म्हणून सहा-सहा महिने गेले. जजसाहेब एकच, दिवाणी तेच अन् फौजदारीबी तेच. परवा बोर्डावर आमचा नंबर ७४, सोयाबीन सोंगायची सोडून गेलो अन् संध्याकाळी तारीख घेऊन आलो. इथं दुसरा जज पायजे का नाही हे कशावरून ठरवतात? लोकसंख्या पाहून का केसेस मोजून?

तालुका_वकील:
भाऊ, लय वर्षं लोकसंख्येवरच चाललं. १९८७ ले विधी आयोगानं (कायद्यात सुधारणा सुचवणारी सरकारी संस्था) १२० व्या अहवालात म्हटलं का १० लाखामागं साडेदहा जज आहेत ते ५० करा, २००२ ले सुप्रीम कोर्टानं पाच वर्षांत करा म्हणून सांगितलं, अजून निम्मेबी नाही झाले. पण लोकसंख्या मोजून कोर्टाचं काम थोडीच कळते.

जुना_पेशकार:
बरोबर. म्हणून २०१४ ले विधी आयोगाच्याच २४५ व्या अहवालात दुसरा हिशोब आला, एक जज वर्षात सरासरी किती केसेस निकाली काढतो ते पाहाचं, नव्या किती येतात अन् जुन्या किती पडल्या ते पाहाचं, त्यावरून जज काढाचे. पण यात चेक बाउन्सचा खटलाबी एक अन् तुमचा वाटणीचा दावाबी एकच धरला जाते ना! तुमच्यात साक्षी, उलटतपासणी, कोणाचा हिस्सा किती ते ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मंग कलेक्टरकडून मोजणी, मधात कोणी वारलं का वारस. मी पस्तीस वर्षं फाईली उचलल्या, दोन्हीचं वजन हाताले कळते. २०१७ ले सुप्रीम कोर्टानं म्हटलं का प्रकारानुसार युनिट देऊन मोजा, म्हणजे जड केसले जास्त युनिट अन् हलक्या केसले कमी. अमेरिकेत तर हे वजन ठरवाच्या अभ्यासात काही आठवडे जज स्वतः मिनिटं लिहून ठेवतात, कोणत्या प्रकाराले किती वेळ लागला ते.

सोयाबीनवाला_वऱ्हाड:
म्हणजे वजन धरलं तर आमच्यासारख्या जमिनीच्या दाव्याच्या तालुक्याले जज जास्त पायजे. हे मांडाचं कुठं?

तालुका_वकील:
पद मंजूर करते राज्य सरकार, प्रस्ताव जाते हायकोर्टाकडून. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड म्हणून कोर्टातल्या केसेसची सरकारी वेबसाइट हाय, तिथं आपल्या कोर्टाचे आकडे दिसतात, दहा वर्षांवरचे दिवाणी दावे किती ते पाहा. आमच्या वकिलांच्या संघटनेच्या, बार असोसिएशनच्या, निवेदनाले ते जोडू.

सोयाबीनवाला_वऱ्हाड:
मंगळवारी तारीख हायच, पोरीकडून आकडे काढून आणतो.