संक्रांतीचं वाण: विणून होईल, पण चेन कोण बसवणार?

आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, शनिवार

अर्चना (३०२): सगळ्या ताई-वैनींना एक विचारायचंय. यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा नको वाटायलाय. मागच्या वर्षीच्या डब्याचं झाकण पहिल्याच आठवड्यात गेलं, आता त्यात मी सेफ्टीपिना ठेवते. क्रोशाचे रंगीत पाउच केले तर? चेनवाले, ८ इंची. दिवाळीच्या सुट्टीत मी एक केलाय, फोटो टाकते.

सुमनकाकू (१०१): अगं बाई, काय गोड झालाय! मधला पट्टा आंबा कलर ना?

रेणुका (४०३): भारीच गं. मोबाईल बसतो का?

अर्चना (३०२): बसतो, पण चेन लावताना ओढाताण होते. चष्मा, गोळ्या, किल्ल्या, सुट्टे पैसे यासाठी बेस्ट.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ८ ते ११ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

विद्या (२०१): ३६ फ्लॅट आहेत. बाहेरच्या चौघी धरल्या तर ४० पाउच. एकटीनं होणार नाही हे.

अर्चना (३०२): एकटीनं कोण म्हणायलंय? हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, आपण शेवटचा रविवार धरू. पाच आठवडे आहेत. आठ जणी विणणाऱ्या मिळाल्या तर एकीला पाचच येतात.

रेणुका (४०३): मी नाही म्हणत नाही, पण वजिराबादच्या बाजारात असले पाउच ४० रुपयाला लटकवलेले असतात. एवढा घाट कशाला?

विद्या (२०१): ते कापडी. क्रोशा मशीनवर होतच नाही रेणुका. स्वेटर, मोजे विणायच्या मशिनी आहेत, पण क्रोशाचा खांब, म्हणजे टाका, हातातल्या सुईवरच उभा राहतो. दुकानात खरा क्रोशा दिसला की समजायचं, कुणीतरी बसून विणलाय.

रेणुका (४०३): खरंच? मी मागं मुलीसाठी क्रोशाचा टॉप घेतला ऑनलाईन, साडेतीनशेत.

विद्या (२०१): मग त्या विणणारीला काय मिळालं असेल त्याचा हिशोब तूच कर.

लक्ष्मी वैनी (४०१): हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या मावशीचं सासर आंध्रातलं भीमावरम. तिथून जवळ नरसापूर, क्रोशाच्या लेससाठी ते नाव काढतात. लहानपणी उन्हाळ्यात जायचो तेव्हा घराघराच्या ओट्यावर बायका सुई घेऊन बसलेल्या असायच्या. एकीनं नुसती फुलं विणायची, दुसरीनं ती जोडायची, तिसरीनं काठ. अख्खा रुमाल एकीच्या हातून होतच नव्हता. पैसे नगावर, तेही मधल्या माणसाच्या हातून. गंमत सांगू का? आपल्या नांदेडच्या गोवर्धन घाटावरून जाते त्याच गोदावरीचा एक फाटा पुढं नरसापूरजवळ समुद्रात उतरतो.

सुमनकाकू (१०१): म्हणजे आपण एकाच पाण्यावरच्या बायका झालो की.

अर्चना (३०२): लक्ष्मीवैनी, तुम्ही नकळत कामच सोपं केलंत. आपणही वाटणी करू. विणणाऱ्या वेगळ्या, अस्तरवाल्या वेगळ्या, चेनवाल्या वेगळ्या. नाव द्या पटापट.

(यानंतर विणायला नऊ नावं आली, अस्तराला पाच. चेनला एकही नाही.)

पाटील काका (२०४): पुरुषांना काही वाण असते का? बीपीच्या गोळ्या मी अजून कॅरीबॅगमध्ये घेऊन फिरतो.

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे याची नोंद घ्यावी.

पाटील काका (२०४): मग मला एक पाउच नोंदवा.

आजी (१०४): मी नात टाइप करायलेय, आजी सांगायल्यात. "आमच्या वेळी कसली चेन अन्‌ कसलं काय. चंची असायची. खणाची, चार कप्प्यांची. एकात पान, एकात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी निराळी. घडी घालायची, दोरी गुंडाळायची अन्‌ कमरेला खोचायची. पोरींनो, दोरी ओवा, चेनीचा नाद सोडा."

विद्या (२०१): आजी, दोरीच्या पिशवीतून गोळ्या पडतात. माझ्या सासूबाईंची शुगरची पट्टी रिक्षातच राहिली होती तशी.

आजी (१०४): "मग दोरी नीट आवळत नसतील."

अर्चना (३०२): विणणाऱ्यांसाठी लिहिते, सेव्ह करून ठेवा. परत परत विचारू नका गं.
लोकर ४ प्लाय, क्रोशाची सुई ३.५ मिमी. ३७ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब (पुढं नुसतं खांब म्हटलं तरी मुकाच), मग प्रत्येकीत एक. अगदी शेवटच्या एकाच साखळीत ३ खांब घाला, की काम आपोआप वळतं. आता उलटं न करता त्याच साखळीच्या खालच्या अंगानं परत या. सुरुवातीच्या साखळीत एक खांब आहेच, त्यात आणखी २. मोजून ७४ भरले पाहिजेत. अशानं बुडाला शिवण येतच नाही, नाणं टाकलं तरी कोपऱ्यातून निसटत नाही. पुढं वाढवायचं नाही, गोल गोल २६ फेऱ्या. माझ्या हातानं रुंदी ८ इंच आणि उंची ५ च्या आसपास आली. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांनी ४ ची सुई घ्या.
रंग बदलताना नवा रंग नव्या खांबाला लावू नका. जुन्या रंगाच्या शेवटच्या खांबात सुईवर दोन फंदे उरले की तिथंच नवा धागा ओढून घ्या. नाहीतर पट्ट्याच्या सुरुवातीला जुन्या रंगाचा ठिपका दिसतो, पिंपल आल्यासारखा.

मीनल (३०४): माझी रंगाची जोडरेघ सरळ वर न जाता तिरकी सरकायलीय. चुकतंय का?

अर्चना (३०२): न थांबता गोल विणत गेलं की सरकतेच, खांब थोडा बाजूला बसतो. प्रत्येक फेरी मुक्या टाक्यानं बंद करून काम पलटलं तर कमी होतं. पण मी म्हणते राहू दे. ती रेघ पाउचच्या मागच्या अंगाला घ्यायची, कोण बघतंय?

सुमनकाकू (१०१): आणि धाग्यांची टोकं? माझ्या आत तर जंगल झालंय.

अर्चना (३०२): टोक खांबाच्या पोटात धरून त्यावरूनच पुढचे सात-आठ खांब विणा, टोक गडप. शेवटी सुईनं ओवत बसायला नको. काकू, तुमचं आता अस्तराखाली जाऊ द्या.

अर्चना (३०२): आणि लोकर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. एका पाउचला ४४ ग्रॅम. ४० ला पावणेदोन किलो. सगळ्यांनी घरात उरलेले गुंडे काढा, नवी लोकर शेवटी बघू. मागं एका दुकानातून एकच लाल दोनदा आणला, तर दुसरा गुंडा विटकरी निघाला. दुकानदार म्हणाला, ताई, उन्हात सारखाच दिसतो. पट्ट्यांचं बरं असतं, लाल चुकला तरी खपून जातो.

मंगळवार

रेणुका (४०३): मी नाही नाही म्हणत एक केला. विणून मस्त झाला. मग म्हटलं चेनपण लावून बघावी, तर हे बघा.

(फोटो: पाउचचं तोंड लाटा लाटा झालेलं.)

विद्या (२०१): अगं ही तर कुरडई झाली!

रेणुका (४०३): हसू नका. रात्री साडेअकरापर्यंत बसले होते. यांनी विचारलं, कुरडया आत्ताच, उन्हाळ्यात घालायच्या ना?

विद्या (२०१): सांगते. माझी आई ब्लाऊज शिवायची, तिच्याकडून शिकलेलं आहे हे. विणलेलं कापड ताणतं, चेन ताणत नाही. तू एका टोकापासून शिवत निघालीस, बोटानं नकळत विणकाम ओढत गेलीस, आणि शेवटाला वीतभर जास्तीचं तोंड उरलं. ते तू कोंबलंस. उसवून टाक.
आता चेन बंद ठेव. चेनीचा मध्य आणि तोंडाचा मध्य, तिथं पहिली पिन. मग दोन्ही टोकांना पिना. मग अर्ध्याच्या अर्ध्यात. एका बाजूला अशा पाच पिना झाल्या की चुकायला जागाच राहत नाही. त्यावर लांब लांब कच्चा टाका घाल, पिना काढ, चेन उघड आणि मग पक्की शीव. लोकरीनं शिवू नको, साधा शिलाईचा दोरा दुहेरी घे, पाउचच्या रंगाचा. उलटा टाका, बारीक. सुई लोकरीच्या पिळातून नको, खांबाखालून काढ, म्हणजे दोरा दिसत नाही.
आणि दातांपासून अर्धं बोट लांब राहा. अगदी चिकटून शिवलं की रनर लोकर खातो, आणि एकदा खाल्ली की कात्रीशिवाय सोडत नाही.

रेणुका (४०३): अजून एक घोळ आहे. चेन मी रोलची आणली मीटरवर, स्वस्त पडते म्हणून. ८ इंचाला कापली आणि रनर ओढला, तर तो सरळ हातातच आला. आता जाईना.

लक्ष्मी वैनी (४०१): घरात काटाचमचा आहे का? कपात उभा कर, दाते वर. रनरचं चपटं तोंड खाली करून दात्यांवर बसव. वरच्या दोन भोकांतून चेनीच्या दोन्ही बाजू एकदम आत सार, टोकं सारखी ठेवून. खाली ओढलं की बंद होत येते.

रेणुका (४०३): आमच्याकडं एकच काटाचमचा आहे, तोही लग्नातला.

रेणुका (४०३): बसला!!!!

विद्या (२०१): आता लगेच दोन्ही टोकांना दातांवरूनच सात-आठ टाके मार, तोच अडसर. कापलेली पट्टी मेणबत्तीला नुसती दाखव, सुटणारे धागे चिकटतात. दाखव म्हटलं, जाळ नाही. शिवायच्या आधीच कर हे, लोकरीजवळ मेणबत्ती नको. इस्त्रीपण नको, अक्रिलिक लोकर एकदा चपटी झाली की परत फुलत नाही.

सुमनकाकू (१०१): एवढं सगळं तुला येतं, मग चेनला नाव का दिलं नाहीस गं?

विद्या (२०१): येतं म्हणूनच दिलं नाही काकू. एका चेनला पाऊण तास जातो. ४० चे तास तुम्हीच काढा.

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

अर्चना (३०२): ३० तास. बरोबर आहे तिचं. विणणं टीव्ही बघत होतं, ते दाखवायला पण छान. चेनीला मान खाली घालून बसावं लागतं आणि नीट बसली तर कुणाच्या नजरेतही येत नाही. असं करू, ज्यांनी विणायला नाव दिलंय त्या प्रत्येकीनं आपल्या पाउचच्या चेनी आपणच लावायच्या. गुरुवारी चार वाजता माझ्याकडं या, विद्या पहिली चेन समोर बसून दाखवेल. चहा माझा.

आजी (१०४): "मला सुया ओवून द्या चार-पाच. दिसत नाही, पण टाका घालता येतो. मी तिथंच बसते."

विद्या (२०१): या आजी. तुमच्या शेजारी मी बसते.

अर्चना (३०२): अस्तरवाल्यांनो, कापड विकत आणायचं नाही. ओटीत आलेले ब्लाऊजपीस प्रत्येकीकडं ढिगानं पडलेत. एका ब्लाऊजपीसमध्ये चार-पाच अस्तरं सहज निघतात. सिंथेटिक नको, सुती बघून काढा.

मीनल (३०४): माझ्याकडं अकरा निघाले. त्यातले दोन सुती.

विद्या (२०१): माझ्याकडचा हा चालेल का? फोटो टाकते. हिरवा, छान जाड आहे.

सुमनकाकू (१०१): थांब थांब. त्याच्या कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलंय का?

विद्या (२०१): हो. का?

सुमनकाकू (१०१): ते माझं बोट आहे. महालक्ष्म्यांच्या वेळी हा मी रेणुकाच्या ओटीत घातला होता.

विद्या (२०१): मला चैत्रगौरीला ४०३ मधूनच आलाय तो काकू.

रेणुका (४०३): सेक्रेटरी भाऊ, टाकी ओसंडून वाहायलीय बहुतेक, मोटार बंद करा.