झुमके चवथीला, कान सुजले तिसऱ्या दिवशी

फोंड्याची काकी: चवथीला (गणेश चतुर्थीला) फेरीतले, म्हणजे जत्रेच्या बाजारातले, खोटे झुमके दोन तास घातले. त्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी पाळ्यांतून पाणी! इतक्या उशिरा कसं?

म्हापशेकर: झुमक्यांतलं निकेल असणार, तो धातू. ही अ‍ॅलर्जी अँटिबॉडीची (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची) नव्हे, टी पेशींची, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींची. घामात सुटलेलं निकेल त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं, मग आधी ‘ओळख’ झालेल्या टी पेशी तिथे गोळा होतात. त्याला ४८ ते ७२ तास लागतात.

काकी: अहो, चार वर्षं असलेच घालते!

म्हापशेकर: त्यातच ओळख झाली. ती आता सहसा जात नाही.

मडगावची सून: मला जीन्सच्या बटणाने बेंबीखाली असंच होतं. घामामुळे आपल्याकडचा मे म्हणजे शिक्षाच. काकी, पॅच टेस्ट करा. अ‍ॅलर्जी कशाची ते बघायला निकेलसारखे पदार्थ लावलेली पट्टी दोन दिवस पाठीवर, पाठ भिजवायची नाही. मी ती थंडीत केली!